जुनी गाडी, घरचा पाना: तुमच्या गाडीचा फॉल्ट शेवटी कुठे निघाला?

माझी २००२ ची बॉक्सर तीन आठवडे मला वेड लावून परवा रविवारी एकदाची ताळ्यावर आली. लक्षण असं, की जुळे सोलापुरातून निघालं की सात रस्त्यापर्यंत मक्खन. पुढे पार्क चौकाच्या अलीकडे दोन-तीन गचके आणि बंद. दहा मिनिटं सावलीत उभी केली की एका किकमध्ये चालू. पुन्हा चार किलोमीटर, पुन्हा तेच. मे महिना, पारा ४३ वर, त्यामुळे ज्याला विचारलं त्याने डोळे झाकून सांगितलं, "कॉइल तापतीय." पटलं. कॉइल बदलली. मग प्लग. मग सीडीआय, म्हणजे ठिणगीची वेळ साधणारा डबा. खिशातून अकराशे रुपये गेले आणि गाडी पार्क चौकाच्या अलीकडेच बंद पडत राहिली, आता नव्या कॉइलसकट.

शेवटच्या वेळी मुलगी मागे बसली होती. "पेट्रोल तरी आहे का बाबा?" म्हणत तिने चावी घेतली आणि टाकीचं झाकण उघडलं. फुस्स! बाहेरची हवा आत ओढली गेल्याचा चांगला ठसठशीत आवाज. झाकण तसंच उघडं ठेवून किक मारली, चालू.

टाकीतलं पेट्रोल जेवढं खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक वाट असते. ती बुजली की थोडा वेळ गाडी चालते, मग आतली ओढ पेट्रोलला खाली सोडत नाही. थांबलं की हवा कुठून तरी झिरपते आणि आपण म्हणतो, बघा, गार झाल्यावर चालू झाली! आता ती वाट बुजवली कुणी? मीच. गेल्या पावसाळ्यात झाकणाचं रबर कडक झालं, पाणी आत जाईल म्हणून शेंगा चटणीच्या पिशवीचा गोल तुकडा कापून झाकणाखाली बसवला होता. नीट, कात्रीने. तुकडा काढला तेव्हा त्यावर पिशवीवरची अर्धी छपाई अजून वाचता येत होती.

तर तुमचंही लिहा. गाडी कोणती, आधी काय समजलात आणि शेवटी काय निघालं. गॅरेजची, दुकानांची नावं नकोत. स्वतःची फजिती चालेल.

अशोक चौक, आरएक्स १००

आमचा यंत्रमागाचा कारखाना होता. माग बिघडला की जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आधी हात लावत नाही, शेजारी उभा राहून ऐकतो. मला ती सवय तिथूनच लागली. माझी १९९४ ची आरएक्स चाळीसच्या पुढे जाईना. आवाज घुसमटलेला, नाकात बोलल्यासारखा. दोघांनी सांगितलं, रिंग-पिस्टन गेलं, बोअर करा, म्हणजे इंजिनच खोला. मी गाडी चालू करून सायलेन्सरच्या मागे तळहात धरला. हवेचा मारा म्हणावा तसा नव्हताच, नुसती ऊब लागत होती.

सायलेन्सरच्या मागच्या टोकाला एक बोल्ट असतो, तो काढला की आतली नळी बाहेर ओढता येते. येते म्हणजे यायला हवी. माझी पकडीने धरून, पाय लावून, हातोडीने ठोकत अर्ध्या तासाने आली. भोकंच दिसत नव्हती, डांबर थापल्यासारखा कार्बन. अंगणात लाकडं पेटवून नळी लाल होईपर्यंत भाजली, गार झाल्यावर वायर ब्रशने घासली. बसवून अक्कलकोट रोडला नेली तर पुढचं चाक उचलायला बघत होती.

कारण सांगायला लाज वाटते. या गाडीला टू-टी ऑइलची (पेट्रोलबरोबर जळणारं वंगण) वेगळी टाकी आणि पंप आहे, तरी "इंजिनाला बरं असतं" म्हणून मी पेट्रोलमध्येही वरून ऑइल ओतत होतो. दोन वर्षं.

विजापूर रोड, सासऱ्यांची स्प्लेंडर, १९९६

मी शाळेत विज्ञान शिकवते. गाडी रस्त्यात कधीच बंद पडायची नाही, बरोबर शाळेच्या फाटकात, मुलांसमोर. दोनदा गॅरेजला दाखवली. तिथे ती छान चालायची. "मॅडम, घरी कुणी जेन्ट्स असतील तर पाठवा, त्यांना समजावून सांगतो," असंही ऐकून घेतलं.

मग वहीत लिहायला लागले, कुठे बंद पडली, किती वेगात, कोणत्या वळणावर. आठव्या दिवशी लक्षात आलं. फाटकात मी हॅन्डल पूर्ण डावीकडे वळवते. घरी स्टँडवर लावून चालू ठेवली आणि हॅन्डल डावीकडे वळवलं, बंद. उजवीकडे, काही नाही. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच.

हेडलाइट उतरवून आतला वायरींचा जुडगा बाहेर घेतला. हॅन्डलच्या मानेपाशी काळी-पांढरी वायर घासून आतलं तांबं उघडं पडलं होतं, नखाएवढंच. या गाडीत प्लगचा करंट बॅटरीतून येत नाही, मॅग्नेटमधून येतो. बॅटरी काढून ठेवली तरी ती किकने चालू होते. चावी बंद करतो तेव्हा ही वायर बॉडीला जोडली जाते आणि करंट मरतो. माझ्या गाडीत डावीकडे वळलं की ती वायर चॅसीला टेकून चावीचं काम परस्पर उरकत होती. टेप गुंडाळली, वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. खर्च वीस रुपये. वही अजून ठेवली आहे.

बाळे

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. आलं की भांडी, पिंप, फरशी, गाडी, सगळं एकदम धुऊन काढायची घाई. गाडी धुतली की मिसिंग, म्हणजे इंजिन अडखळायचं, दुपारी उन्हात ठेवली की ठीक. रात्री अंगणातला दिवा घालवून चालू केली तर प्लगच्या टोपीवरून निळ्या रेघा पळताना दिसल्या. टोपीला चीर होती. बदलली.

होटगी रोड, स्प्लेंडर

ऑइल बदलायला बसलो. खालचा बोल्ट किंचित पाझरतोय असं वाटलं म्हणून पान्याला पाइप जोडून आणखी आवळला. घट्ट, घट्ट, घट्ट, आणि एकदम लोण्यासारखा सैल. ॲल्युमिनियमच्या आट्या बोल्टबरोबर गोल फिरून बाहेर. मी तसाच खाली फरशीवर पडून होतो, बायको विचारत होती चहा ठेवू का.

एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने आत बुश बसवून नवीन आट्या पाडून दिल्या. म्हणाला, "आखूड पाना घ्या आणि मनगटानंच आवळा, खांदा लावू नका." पाझरत होता तो वायसर, बारा रुपयांचा.

शेळगी

करंट बघायला प्लग बाहेर काढून इंजिनावर टेकवला आणि किक मारली. करंट उत्तम होता. शेजारी कार्बोरेटरमधून सांडलेल्या पेट्रोलची परात होती, तीही उत्तम पेटली. पाण्याची बादली उचललीच होती, तेवढ्यात आई ओरडली, "पाणी नको!" दोरीवरची धुतलेली ओली चादर तिने सरळ परातीवर टाकली. विझली. चादरीला ताटाएवढं भोक पडलंय, ती आता गाडीवरच घालतो. प्लग तपासताना पेट्रोल बंद ठेवा आणि भांडं दुसऱ्या खोलीत. आणखी काय लिहू.

रेल्वे लाइन्स, बुलेट ३५०, १९८८

सेवानिवृत्त. उजव्या पायाचा गिअर, पॉइंटवाली गाडी, म्हणजे उघडझाप करून करंट तोडणाऱ्या पॉइंटने ठिणगी पाडणारी. पॉइंटची फट पंधरा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मिमी. व्हिजिटिंग कार्ड घालून सेट करणाऱ्यांनी कृपया फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) विकत घ्यावा. कार्ड पाहुण्यांना द्यावं.

सहा महिन्यांत माझे तीन पॉइंट जळाले. दर वेळी नवीन टाकला, पॉलिश पेपर मारला, पंधरा दिवस बरं, पुन्हा किक मारून गुडघा दुखेपर्यंत. मालाला शिव्या दिल्या. शेवटी संध्याकाळी झाकण काढून किक मारली तर पॉइंटवर ठिणग्यांचा सडा. कंडेन्सर गेला होता. तो धड असला की पॉइंट उघडताना ठिणगी मारू देत नाही. माल बिचारा चांगला होता.

कुमठा नाका, गॅरेज आहे माझं

वाचून हसूलालोय. घरी करा, मला राग नाही. पण अर्धं खोलून पिशवीत घालून आणू नका हो. परवा एकजण कार्बोरेटर चटणीच्या डब्यात घेऊन आला, आतला जेट (पेट्रोलची बारीक तोटी) गायब. कुठला फॉल्ट आधीचा आणि कुठला तुम्ही केलेला, मी कसं ओळखू? खोलायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

आमचा क्रम ठरलेला असतो: करंट, पेट्रोल, कॉम्प्रेशन. करंट बघताना शेळगीवाल्यांचं लक्षात ठेवा. बऱ्याच किका मारूनही प्लग कोरडा, तर पेट्रोल येत नाही. ओला, तर पेट्रोल येतंय पण जळत नाही. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारली तर अंगठा उडाला पाहिजे. नाही उडाला तर माझ्याकडे या.

आणि बंद ठेवलेल्या गाड्यांचं एक. कार्बोरेटरच्या वाटीला खाली निचऱ्याचा स्क्रू असतो, तो सोडून काचेच्या ग्लासात घ्या. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल (उसापासूनही बनणारं अल्कोहोल) असतं, ते पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की त्याला घेऊन तळाशी बसतं. ऊस आपलाच, कारखाने आपलेच, भांडणार कुणाशी? जुने रबरी पाइप मात्र बदलून घ्या.

ब्रेक घरी खोलत असाल तर लायनरची धूळ फुंकू नका, ती छातीत जाते. आणि नीट बसला की नाही याची खात्री नसेल तर गाडी ढकलत आणा, चालवत नको.

दमाणी नगर

स्प्लेंडरचा टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग) टिकटिक करतोय. घरी सेट होतो का? फट किती?

(धागा काढणारा)

होतो. इंजिन पूर्ण गार हवं, रात्रभर उभी असलेली उत्तम. मॅग्नेटवरची 'टी' खूण खाचेसमोर आणा. दोन्ही टॅपेट हाताने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर आणखी एक पूर्ण फेरा द्या. दोन्हीला फट ०.०५ मिमी. नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. जास्त घट्ट केलंत तर आवाज जाईल आणि काही दिवसांनी व्हॉल्व्हही जाईल. थोडी टिकटिक असू द्या.

दमाणी नगर

फीलर गेज आणला, झाकण उघडलं, दोन्हीकडे ०.०५ बरोबर निघालं. पुन्हा बंद केलं. टिकटिक तशीच. कुमठा नाक्याच्या दादांचं वाचून आणखी काही खोललं नाही, मुलाला एकेक भाग हाताने दाबून धरायला सांगितलं. चेन कव्हर दाबलं की आवाज बंद. एक बोल्ट नाही. दहाच्या पान्याचा आहे, उद्या नवी पेठेतून आणतो.