एमआयडीसीत आग लागली की सोसायटीचं गेट उघडं ठेवायचं की बंद?

तिसरा_मजला:
रविवारी आमच्या सोसायटीची विशेष सभा आहे, त्यात मी एक ठराव मांडतोय आणि त्यावरून व्हॉट्सअॅप ग्रुपवर आत्ताच रणकंदन पेटलंय, म्हणून म्हटलं इथे डोंबिवलीकर बरेच आहेत, विचारून बघू.

आधी थोडं मागचं सांगतो. २३ मे २०२४, गुरुवार, बुद्धपौर्णिमेची सुट्टी म्हणून सगळे घरीच. जेवणं उरकून आडवे झालो होतो आणि पावणेदोनच्या आसपास तो आवाज. स्लायडिंगच्या काचा सरळ हॉलमध्ये. बायको म्हणाली सिलिंडर, मी म्हटलं भूकंप, बाल्कनीत जाऊन बघतो तर सोनारपाड्याच्या बाजूला काळा लोट, एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत स्फोट. २०१६ला याच परिसरात झालेला स्फोट (तोही मे, तोही गुरुवार) ज्यांनी बघितलाय त्यांना काय झालं ते विचारावं लागलं नाही. पाच मिनिटांत अख्खी सोसायटी खाली आणि पुढच्या पाच मिनिटांत अख्ख्या सोसायटीच्या गाड्या गेटवर.

आणि समोरून, कंपन्यांच्या बाजूने लोक चालत येत होते. पॅकिंगमधल्या बायका, अनवाणी, एकीच्या कपाळातून रक्त, अंगावर सगळा चुना-धूळ. मागच्या चाळीतले लोक पोरं कडेवर घेऊन. ते आमच्या गेटशी थांबले कारण आमच्याकडे झाडं आहेत, सावली आहे. आमच्या हॉलला कुलूप. वॉचमनने बागेचा पाइप लावून पाणी दिलं, बाकी कुणी काही दिलं नाही कारण आम्ही सगळे गाडीत बसून हॉर्न वाजवत होतो. आणि तिकडून बंब येतायत, अॅम्ब्युलन्स येतायत, आणि रस्त्यात आम्ही.

ठराव दोन ओळींचा. एक, असं काही झालं तर हॉल आणि पार्किंग बाहेरच्या लोकांना उघडं, पाणी-पंखा-टॉयलेटसकट. दोन, बंबांना रस्ता मोकळा होईपर्यंत कुणीही चारचाकी बाहेर काढायची नाही. बोला.

गेट_नंबर_दोन:
तिसरा मजला, भावना पोचल्या पण व्यवहार बोलू. मी दुसऱ्या सोसायटीत खजिनदार आहे म्हणून विचारतो. हॉलमध्ये दोनशे लोक घेतलेत, त्यातला एक जण दगावला तर पोलीस कुणाला विचारणार? कमिटीला. फ्लॅट उघडे टाकून लोक पळालेले असतात, तेव्हा अनोळखी माणसं आत घ्यायची, मग कुणाच्या घरातून काही गेलं तर? २०१६ला माझ्या मेव्हण्याच्या घरातून दोन मोबाइल गेले त्या गडबडीत. मी कुणाला चोर म्हणत नाहीये, पण गेट हे गेट असतं. आणि मुळात मेंटेनन्स आम्ही भरायचा, काचा आमच्या फुटायच्या, आणि कंपनीच्या कामगाराची सोय पण आम्हीच करायची? मालक कुठाय?

शीळ_रोड:
+१ गेट नंबर दोन. आपण काय धर्मशाळा उघडलीय का.

चहा_टपरी:
धर्मशाळा उघडली असती तरी पुण्य लागलं असतं, इथे नुसती कुलपं :)

बी_शिफ्ट:
मी एमआयडीसीच्या फेज टूमध्ये सुपरवायझर आहे, स्फोट झाला त्या कंपनीत नाही, तीन प्लॉट सोडून. त्या दिवशी आम्ही पण बाहेर पडलो. गेट नंबर दोन, तुम्हाला वाटतं आम्हाला तुमच्या हॉलमध्ये पंख्याखाली बसायचंय. नाही हो. आम्हाला एक अशी जागा पाहिजे जिथे डोकी मोजता येतील. कंपनीच्या मस्टरवर चाळीस नावं असतात, आत माणसं साठ. वीस ठेकेदाराची, त्यातली काही त्याच दिवशी सकाळी नाक्यावरून आणलेली. आग लागली की प्रत्येक जण वाट फुटेल तिकडे जातो, कोण शीळ रोडला, कोण घरडा सर्कलला, कोण थेट स्टेशनला जाऊन गावची गाडी पकडतो. मग संध्याकाळी त्याची बायको येते आणि कंपनीच्या गेटवर उभी राहते, आणि कुणालाच सांगता येत नाही की तुझा नवरा आत होता की गेला. २०२४ला मृतदेह ओळखायला डीएनए करावं लागलं हे पेपरात वाचलंच असेल. तुमच्या हॉलच्या दारात एक पोरगी वही घेऊन बसली आणि येणाऱ्याचं नाव, कंपनी, ठेकेदार, घरचा नंबर लिहून घेतला ना, तरी तेवढ्याने निम्म्या बायका त्या रात्री झोपल्या असत्या. हे कुणी करत नाही. प्रत्येक कंपनीत असेम्ब्ली पॉइंटचा, म्हणजे आग लागली की जमायच्या जागेचा, हिरवा बोर्ड असतो, तो पण कंपाउंडच्या आत. कंपाउंडच उडालं तर?

गेट_नंबर_दोन:
वहीचं पटलं. पण ती वही गेटच्या बाहेर टेबल टाकून पण लिहिता येते.

बी_शिफ्ट:
मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता. अनवाणी. डांबरावर.

बंबवाला_निवृत्त:
दोघंही चुकताय, तिसरा मजला जास्त चुकतायत, वाईट वाटून घेऊ नका.

अग्निशमनात माझी एकतीस वर्षं गेली. पहिली गोष्ट, ठरावात "पार्किंग उघडं" लिहिलंय ते खोडा. आत नुसती आग आहे की वायू सुटलाय हे पहिल्या तासात आम्हालाच कळत नाही, तुम्हाला कसं कळणार. बरेचसे वायू हवेपेक्षा जड, ते जमिनीलगत सरकतात आणि खोलगट जागी साठतात. तळमजला, बेसमेंट, स्टिल्ट पार्किंग ही सगळ्यात वाईट जागा. तिथे दोनशे माणसं बसवणार?

दुसरं, धावत सुटायचं की घरात थांबायचं, याला एक उत्तर नाही आणि हीच सगळी भानगड आहे. विशाखापट्टणमला ७ मे २०२०ला पहाटे तीनच्या सुमाराला कंपनीतून स्टायरीन या विषारी वायूची गळती झाली, १२ माणसं गेली. कंपनीचा भोंगा वाजवलाच गेला नाही असं चौकशीत आलं. लोक झोपेतून उठून अंधारात, कुठल्या दिशेने ते माहीत नसताना निघाले आणि रस्त्यात कोसळले, काही गाडी चालवता चालवता. वायू असेल तर दारंखिडक्या बंद, एसी-एक्झॉस्ट बंद, फटींना ओले टॉवेल, वरचा मजला. बाहेर असाल तर वाऱ्याला आडवं चालायचं, धुराच्या पुढे पळायचं नाही, तो तुमच्यापेक्षा जोरात पळतो. वारा कुठला ते गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघून कळतं.

पण स्फोटाची भीती असेल तर तीच खिडकी तुमचा जीव घेणार. बैरुतला ४ ऑगस्ट २०२०ला आधी गोदामाला आग लागली, लोक बाल्कनीत उभं राहून मोबाइलवर शूट करत होते, मग मोठा स्फोट झाला. काचांनी किती जणांचे डोळे गेले. तिसरा मजला, तुम्ही स्वतःच लिहिलंय "बाल्कनीत जाऊन बघतो". पहिल्या आवाजानंतर बाल्कनीत जाणारा माणूस मूर्ख नसतो, त्याला कुणी शिकवलेलं नसतं एवढंच. आतला पॅसेज, बाथरूम, जिथे काच नाही तिथे आधी जायचं.

गाड्यांचं मात्र शंभर टक्के बरोबर. बंब अडकला की मला आजही छातीत धडधडतं.

अंजीर_बर्फी:
गाड्या काढू नका म्हणणाऱ्या सगळ्यांना एक प्रश्न. माझी आई ८१ वर्षांची, चौथ्या मजल्यावर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर. लाइट गेली की मशीन बंद. त्या दिवशी लाइट गेली. लिफ्ट बंद. मी आणि शेजारचा मुलगा, दोघांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं आणि हो, मी गाडी काढली, हॉर्न पण वाजवला आणि परत वाजवीन. ठराव करताना तुमच्या डोळ्यासमोर धडधाकट माणसं असतात. माझ्या आईला तुम्ही खांद्यावर नेणार आहात का?

तिसरा_मजला:
अंजीर, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून दोन तास काही लिहिलं नाही. "कुणीही" हा शब्द काढतो. प्रत्येक विंगमध्ये अशी किती माणसं आहेत त्याची यादी आधी करायची, त्यांच्या गाड्या गेटजवळ लावायच्या, आणि त्या आधी सोडायच्या. आमच्या ए विंगमध्येच मोजली तर पाच निघाली, एक आजोबा तर मला माहीतच नव्हते, वर्षभर खाली उतरलेले नाहीत.

अंजीर_बर्फी:
यादी कराल, पण खुर्ची कोण उचलणार त्याचं नाव पण लिहा समोर. नुसती पेशंटची यादी म्हणजे देवळातली पावती.

लघुउद्योगी:
मी इथे नेहमी शिव्या खातो तर आज पण खाईन. माझं छोटं युनिट आहे, अठरा माणसं, केमिकल नाही, इंजिनिअरिंग. ही एमआयडीसी साठच्या दशकातली. तेव्हा आजूबाजूला भाताची शेतं होती, टॉवर कंपाउंडला चिकटवून नंतर बांधले, परवानग्या नंतर दिल्या, आणि आता प्रत्येक आगीनंतर "कंपन्या हटाव". २०२२ला १५६ धोकादायक कंपन्या रायगडातल्या पाताळगंगेला हलवायचं सरकारने सांगितलं, २०२४च्या स्फोटानंतर परत हलवू म्हणाले. हलवा. पण बी शिफ्टसारखी माणसं रोज डोंबिवलीतून पाताळगंगेला कशी जाणार? आणि धोका तिथल्या गावाच्या बोकांडी बसणार, एवढंच. मला ठराव आवडला कारण तो "हटाव"च्या पुढचं काहीतरी बोलतोय. माझ्या युनिटमधली स्ट्रेचर, मास्क, मोठा जनरेटर सोसायटीला द्यायला तयार आहे, लिहून घ्या.

कलम_पंधरा:
थांबा, सगळे फार लवकर चांगले व्हायला लागलात.

माझा विरोध गेट नंबर दोनसारखा नाही, उलट्या बाजूने आहे. स्ट्रेचर लघुउद्योगी देणार, हॉल सोसायटी देणार, वही कॉलेजची पोरगी धरणार. मग ज्यांचं हे काम आहे ते काय करणार? घातक रसायनांचे १९८९चे नियम आहेत. त्यातला नियम १५ म्हणतो की मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या कारखान्याने कंपाउंडबाहेरच्या लोकांना आधीच सांगायचं की धोका कसला आहे आणि झाला तर काय करायचं, काय नाही. तुमच्यापैकी एकाच्या तरी दारात कंपनीचा माणूस कागद घेऊन आलाय का? बाहेरच्या परिसराचा आपत्कालीन आराखडा प्रशासनाने करायचा आणि वर्षातून एकदा त्याची रंगीत तालीम करायची, हेही त्यातच. १९९६च्या नियमांनी स्थानिक आपत्ती गट काढला, त्याची बैठक दर महिन्याला व्हायला पाहिजे, त्यात अधिकारी आणि कारखानदारांबरोबर स्थानिक डॉक्टर, समाजसेवक, अगदी स्थानिक पेपरचा संपादकसुद्धा असतो. आपल्या गटात कोण आहे सांगा एक तरी नाव. १९९१चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा, चूक कुणाची हे सिद्ध न करता कलेक्टरकडे पाच वर्षांत अर्ज करता येतो, आणि मूळ कायद्यात घराच्या नुकसानीला जास्तीत जास्त किती माहितीये? ६ हजार रुपये. २०१६ला माझ्या काचांचा पंचनामा झाला, काचा मीच बसवल्या.

म्हणून म्हणतो, आधी पत्र टाका, तालीम मागा, नियम १५चा कागद मागा. आपण सगळं गोड मानून घेतलं की वरचे निवांत. "लोक किती छान सांभाळून घेतात" असा कौतुकाचा मथळा येतो आणि विषय संपतो.

बी_शिफ्ट:
कलम पंधरा साहेब तुमचं सगळं खरंय, मी सही करतो पत्रावर. पण पत्राला उत्तर यायच्या आत परत आग लागली तर मी त्या बाईला काय सांगू, नियम पंधरा? २०२४च्या मे महिन्यानंतर तीन आठवड्यांत, १२ जूनला परत फेज टूत आग लागली होती, विसरलात?

कलम_पंधरा:
विसरलो नाही. दोन्ही करा म्हणतो, पण पत्र आधी. हॉल उघडला की पत्राचा उत्साह संपतो, हे मी तीन सोसायट्यांत बघितलंय.

शीळ_रोड:
रंगीत तालीम घेतली तर लोक येतील का पण? आमच्याकडे फायर ड्रिलला सात जण आले होते. त्यातले दोन वडे होते म्हणून.

चहा_टपरी:
२०२३ला सरकारने सगळ्यांच्या मोबाइलवर तो भोंग्यासारखा टेस्ट मेसेज पाठवला होता ना, ऑफिसात सगळे एकदम दचकले होते. तो स्फोटाच्या दिवशी वापरला की झालं. "वारा अमुक दिशेला, खिडक्या बंद करा, शीळ रोडला येऊ नका." तीन ओळी. मराठी आणि हिंदीत.

बंबवाला_निवृत्त:
हे बरोबर बोललास. पहिल्या दहा मिनिटांत हॉल, वही, स्ट्रेचर यातलं काहीच कामाला येत नाही, तेव्हा फक्त माहिती पाहिजे. ती नाही मिळाली म्हणूनच लोक ग्रुपवर "दुसरा टँक फुटणार आहे" असली फॉरवर्ड वाचून गाडी काढतात. तरी हॉल उघडा ठेवा, पण पहिला तास नाही. धूर कुठल्या बाजूला जातोय बघून, बंबवाल्यांना विचारून, मग. आणि हॉल वरच्या मजल्यावर असेल तरच.

तिसरा_मजला:
पहिल्या मजल्यावर आहे. पार्किंग खोडलं.

गेट_नंबर_दोन:
मी अजून विरोधातच आहे, पण एक प्रॅक्टिकल विचारतो. हॉल उघडणार कोण? सगळे पळालेले, कमिटी पळालेली. म्हणजे वॉचमन. त्याला विचारलंय का कुणी? त्याने का थांबायचं? त्याला काय पगार देता तुम्ही, जीव धोक्यात घालायचा?

तिसरा_मजला:
नव्हतं विचारलं. आज सकाळी खाली जाऊन विचारलं.

तो म्हणाला, साहेब त्या दिवशी पण मी थांबलोच होतो की, मला कुणी जा म्हटलं नाही. मग म्हणाला, लोक हॉल उघडा हॉल उघडा करत होते पण चावी माझ्याकडे नसते, सेक्रेटरीकडे असते. सेक्रेटरींना चार फोन केले, लागले नाहीत.

सेक्रेटरी मीच. चावी गाडीच्या चावीच्याच जुडग्यात होती, मी मानपाडा रोडला तासभर तिच्यासकट अडकलो होतो.

ठरावात तिसरी ओळ टाकतोय, हॉलची एक चावी गेटवरच्या केबिनमध्ये. आणि वॉचमनने थांबायचं की नाही ते त्याचं तो ठरवेल, चावी खिळ्याला राहील.

अंजीर_बर्फी:
रविवारी किती वाजता आहे सभा? दुसऱ्या सोसायटीचं माणूस येऊन बसलं तर चालेल का?