मदत हवी आहे: अ‍ॅम्पचा गेन किती ठेवू? आवाज फाटतोय

अमळनेरी_गाडीवाला
घाईत आहे, रविवारी नंदुरबारला लग्नाला जायचंय. गाडीत चार चॅनेलचा अ‍ॅम्प बसवलाय. पुढच्या दारात कंपोनंट स्पीकर, डिक्कीत सब (बासचा मोठा स्पीकर). आवाज २५ च्या पुढे नेला की फाटतो. गेन पूर्ण उजवीकडे आहे, कमी केला तर दम राहत नाही. काटा कुठे ठेवू तेवढंच सांगा.

भुसावळ_जंक्शन
२५ म्हणजे कितीपैकी? अ‍ॅम्प किती आरएमएस वॅटचा, म्हणजे सतत देऊ शकेल अशी खरी ताकद किती? स्टीरिओचा प्रीआउट (अ‍ॅम्पला सिग्नल देणारं टोक) किती वोल्टचा? सब किती ओहमचा? आणि फाटतंय काय, दार की सब?

पांझराकाठ
गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे भो. स्टीरिओकडून येणारा सिग्नल किती वोल्टला पोचला की अ‍ॅम्पने पूर्ण ताकद द्यायची, ते ठरवणारा तो स्क्रू आहे. पूर्ण उजवीकडे म्हणजे साधारण ०.२ वोल्ट. स्टीरिओ २ वोल्ट देत असेल तर गरजेच्या दहापट सिग्नल घुसतोय. मग लाटेचे माथे सपाट कापले जाणारच. तेवढ्याच उंचीच्या चौकोनी लाटेत साध्या लाटेच्या दुप्पट पॉवर असते, स्पीकरची कॉईल त्यानेच जळते.

अमळनेरी_गाडीवाला
४० पैकी २५. प्रीआउट २ वोल्ट. अ‍ॅम्पच्या खोक्यावर १२०० वॅट लिहिलंय.

भुसावळ_जंक्शन
ते १२०० भरताच्या वांग्याबरोबर भाजून टाका. अ‍ॅम्पच्या कडेचे फ्यूज बघा.

अमळनेरी_गाडीवाला
२० चे दोन.

भुसावळ_जंक्शन
४० अँपिअर गुणिले १४.४ वोल्ट म्हणजे ५७६ वॅट आत जाणार. अ‍ॅम्प एबी क्लासचा (बरीच वीज उष्णतेत घालवणारा प्रकार) असेल तर त्यातले साठ टक्के बाहेर, म्हणजे ३४५ च्या आसपास. माहितीपुस्तिकेत ४ ओहमला ७५ गुणिले ४ लिहिलेलं असणार. बघून सांगा.

कानाने_ऐका
एवढी गणितं कशाला? आवाज तीन चतुर्थांशवर न्या, गेन हळूहळू वाढवा, फाटला की थोडा मागे घ्या. झालं.

पांझराकाठ
गाण्यावर कानाला कापलेली लाट उशिरा कळते, सबमध्ये तर फारच उशिरा. त्यात निम्मी अहिराणी गाणी रेकॉर्डिंगमध्येच फाटलेली असतात, मग बिचारा गेन बदनाम. पद्धत अशी: बास बूस्ट शून्य, लाउडनेस बंद, इक्वलायझर सपाट. आधी स्टीरिओ कुठवर स्वच्छ आहे ते शोधा. गेन अगदी कमी ठेवा, पेनड्राइव्हवरून १००० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा टोन लावा (व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल नको) आणि मोबाइलवर स्पेक्ट्रमचं अ‍ॅप उघडा. आवाज वाढवत जा. ३००० वर दुसरा खांब उगवला की दोन पायऱ्या खाली या. तोच तुमचा कायमचा कमाल आवाज. आता स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पमधून काढा, इंजिन चालू ठेवा, मीटर एसीवर. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे वोल्ट. दाराचे स्पीकर ६० वॅट ४ ओहम असतील तर १५.५. तेवढे वोल्ट दिसेपर्यंत गेन वाढवा, तिथेच सोडा.

चार_ओहम
१००० हर्ट्झवर स्वस्त पिवळा मीटर चुकीचा आकडा दाखवतो, तो साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाचा. वोल्ट मोजताना दारासाठी १०० आणि सबसाठी ५० हर्ट्झ वापरा. दाराचा हाय पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) तेवढ्यापुरता बंद करा, नंतर परत ८० हर्ट्झवर.

जळगाव_केळीवाला
दारांना डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर थांबवणारं) लावलंय का? आधी ते करा. जळगावच्या उन्हात डांबराचं शीट गळतं, ब्युटाइल रबराचं घ्या.

भुसावळ_जंक्शन
केळीवाले दादा, विचारलंय काय, सांगताय काय! अमळनेरकर, सबचे ओहम अजून सांगितले नाहीत.

अमळनेरी_गाडीवाला
पुस्तिकेत ७५ गुणिले ४ च आहे. सब १२ इंची, २५० आरएमएस, ४ अधिक ४ ओहम लिहिलंय, म्हणजे दोन कॉईल. मागचे दोन चॅनेल ब्रिज केलेत, म्हणजे दोन्ही मिळून एकट्या सबला. अधूनमधून लाल दिवा लागून सगळंच बंद पडतं, पण तो वेगळा विषय.

चार_ओहम
तोच तर विषय आहे! दोन्ही कॉईल समांतर जोडल्या असणार, म्हणजे २ ओहम. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला त्याचा अर्धा दिसतो, १ ओहम. अ‍ॅम्प स्वतःला वाचवतोय. कॉईल सिरीजमध्ये करा: पहिल्याचा वजा दुसऱ्याच्या अधिकला, उरलेली दोन टोकं अ‍ॅम्पला. ८ ओहम होतील.

कानाने_ऐका
८ ओहमवर ताकद निम्मी होते. त्यापेक्षा एकेक कॉईल एकेका चॅनेलला द्या.

चार_ओहम
ब्रिजमध्ये ८ ओहम म्हणजे प्रत्येक चॅनेलला ४, म्हणजे ७५ अधिक ७५, एकूण १५०. वेगवेगळं जोडलं तरी तेच ७५ अधिक ७५. वाद कशाचा? सिरीजमध्ये ५० हर्ट्झवर ३४.६ वोल्ट लावा.

अमळनेरी_गाडीवाला
केलं. दार एकदम स्वच्छ, लाल दिवा गेला. ३४.६ पण आले. पण सबचा दणका पार गायब.

पांझराकाठ
गेनला हात लावू नका. एक कॉईल उलटी जोडली असणार, दोघी एकमेकींना अडवतात. मीटरवर ओहम दोन्ही वेळा सारखेच दिसतात, त्याने कळत नाही. सब सुटा करून एकेका कॉईलला १.५ वोल्टचा सेल क्षणभर लावा, सेलचा अधिक कॉईलच्या अधिकला. दोन्ही वेळा कोन बाहेर यायला हवा.

अमळनेरी_गाडीवाला
एक आत गेला. खुणेच्या रंगावर विसंबलो होतो. फिरवली, आता डिक्की हलते.

जळगाव_केळीवाला
डिक्कीची नंबरप्लेट खडखडेल आता. मागे फोमची पट्टी लावा.