गावानं दवाखान्यावर लक्ष ठेवावं का?

माळरान:
डॉक्टर जागेवर नाही, औषध बाहेरून आणा, आणि तक्रार करायची तर त्याच डॉक्टरच्या साहेबाकडे. गरीब देशांत बऱ्याच ठिकाणी हीच रड. माझं म्हणणं सरळ आहे, ज्यांना तिथं उपचार घ्यायचेत त्यांनीच हिशोब मागावा. युगांडात 50 आरोग्य केंद्रं घेऊन हे करून बघितलंय, निम्म्या ठिकाणी गावकऱ्यांना आपल्या केंद्राचं प्रगतिपुस्तक दाखवलं, मग गावकरी आणि कर्मचारी समोरासमोर बसले आणि कोण काय सुधारणार ते ठरवलं. 2009 मध्ये निकाल छापून आला, पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू उरलेल्या ठिकाणांपेक्षा 33 टक्के कमी! अजून वाट कसली बघायची?

जुनी_परिचारिका:
दादा, अर्धंच सांगितलंत. त्याच युगांडात नंतर 376 केंद्रांवर जवळपास तसाच कार्यक्रम केला, तेव्हा बालमृत्यू कमी झाले नाहीत. मी स्वतः छोट्या दवाखान्यात वर्षानुवर्षं एकटीनं काम केलंय, बाळंतपण मीच, लसीकरण मीच, रजिस्टरं पण मीच, आणि वरून औषधांचा साठा आला नाही की मिटींगमध्ये बोलणी खायची पण मीच. साठा न पाठवणारा साहेब त्या मिटींगला कधीच नसतो. लोकांचा राग खरा असतो हो, पण तो निघतो भलत्याच माणसावर.

उंबरठा:
शिवाय असं लक्ष ठेवणाऱ्या गावच्या समितीवर बसतं कोण? ज्याचं गावात वजन तोच. जिला दारातून परत पाठवलं ती बाई चारचौघांत तोंड उघडत नाही, पुढच्या बाळंतपणाला त्याच दारात जायचंय तिला.

माळरान:
@उंबरठा म्हणूनच पेरू देशाच्या पुनो भागातलं उदाहरण बघा. तिथं क्वेचुआ आणि आयमारा या तिथल्या आदिवासी समाजांतल्या बायकांनाच शिकवून तयार केलं, त्या दवाखान्यात जाऊन बसायच्या, बायकांना कसं वागवतात ते बघायच्या, आणि बघितलेलं थेट लोकपालाच्या ऑफिसपर्यंत न्यायच्या. गावातल्या वजनदार माणसाला मध्ये घ्यायची गरजच नाही.
ताई, साठ्याचं पटलं. पण 376 केंद्रांवर उपचारांचा दर्जा थोडा सुधारला, रुग्णांचं समाधान वाढलं, तेही मोजा ना. आणि सिएरा लिओनमध्ये 2014 ला इबोला आला तेव्हा ज्या दवाखान्यांच्या भागात आधी अशा बैठका झाल्या होत्या तिथं जास्त लोक स्वतःहून पुढं आले आणि रुग्णांचे मृत्यूही कमी झाले. दवाखाना आपला आहे असं वाटल्याशिवाय माणूस इबोलाचा संशय असताना घराबाहेर पडेल का?

जुनी_परिचारिका:
हे मात्र खरं, विश्वास नसला की लोक आजार लपवतात, मी बघितलंय. पण पेरूत त्या बायकांच्या पाठीशी लोकपाल होता, नुसती समिती नव्हती. तुमच्या प्रगतिपुस्तकात नर्स किती वाजता आली ते लिहिता, तसं औषधांची मागणी कधी गेली आणि साठा कधी आला त्या तारखा पण लिहा, आणि ते पान जिल्ह्याच्या साहेबासमोर वाचा. तेवढं झालं तर मी तुमच्या बाजूची.