पार्किंगमधला बॉल आणि ताटातले वाटाणे

सेक्रेटरी: सोसायटीच्या ग्रुपवरील सर्व सभासदांना नम्र विनंती. पार्किंगमध्ये बॉल खेळण्यास मनाई आहे. काल पुन्हा एका गाडीच्या आरशाला बॉल लागला. पालकांनी मुलांना समज द्यावी.

सी-३०५: माझीच गाडी. आरसा शाबूत आहे, पण हे आता दर आठवड्याचं झालंय.

बी-२०४: विषय वेगळा आहे, तरी विचारतेच. आमचा ४ वर्षांचा मुलगा मोबाइल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. एकेक जेवण तासभर चालतं. काल ताट घेऊन मी त्याच्यामागे घरभर फिरले आणि शेवटी मलाच रडू आलं. वर्षाचा होता तेव्हा वाटी चाटूनपुसून खायचा. कुणाकडे काही उपाय आहे का?

ए-१०३ काकू: अगं, दुधात घालायची ती पावडर मिळते ना, ती दे. भूक वाढते.

बी-४०२: काकू, तो डबा आमच्याकडे दोन वर्षं आहे. भूक काही वाढली नाही, पोरगी मात्र पावडर कोरडीच खायला शिकली.

ए-१०३ काकू: आमच्या वेळी असली थेरं नव्हती. ताटात पडेल ते निमूट खायचं.

बी-४०२: आणि तुमचे चिरंजीव चाळिशीतही भोपळा दिसला की पानावरून उठतात. मी स्वतः पाहिलंय.

ए-१०३ काकू: ते खरं आहे रे. मागे लागून लागून मीच त्याला भोपळ्याचा वैरी केला.

सी-१०२ डॉक्टर: बी-२०४ ताई, वजन आणि उंची त्याच्या वाढीच्या आलेखावर नीट पुढे सरकतेय ना?

बी-२०४: हो, गेल्या महिन्यातच दाखवलं. व्यवस्थित आहे म्हणाले.

सी-१०२ डॉक्टर: मग जरा श्वास घ्या. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं. दोन वर्षांनंतर वर्षाला जेमतेम २ किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते, ती बिघडलेली नसते. आपण मात्र पहिल्या वर्षाच्या मापानेच ताटात वाढत राहतो. त्यात २ ते ६ या वयात मुलं नव्या पदार्थाकडे संशयाने बघतात, तेही वयाचंच. मात्र वजन घटत असेल, खाताना सारखा ठसका लागत असेल, किंवा सगळं मिळून चार-पाचच पदार्थ खात असेल, तर ग्रुपवर न विचारता तपासायला न्यायचं.

बी-२०४: आणि मोबाइल?

सी-१०२ डॉक्टर: तो बंद करावा लागेल. डोळे पडद्यावर असले की पोट भरल्याचं मुलाला कळत नाही, आपण घास सारत राहतो, तो गिळत राहतो. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची एक वाटणी सांगितली आहे, ती मला फार पटते. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आपण आपलं काम सोडतो आणि त्याचं काम करायला जातो.

बी-२०४: म्हणजे नको म्हणाला तर ताट उचलायचं? आणि उपाशी झोपू द्यायचं?

सी-१०२ डॉक्टर: ताटात त्याच्या ओळखीचं, हमखास खाईल असं एक काहीतरी ठेवायचं. वीस-पंचवीस मिनिटं आपणही सोबत बसून जेवायचं. मग शांतपणे ताट उचलायचं, भाषण नाही. पुढचं खाणं ठरलेल्या वेळी. मधे मागितलं तर पाणी.

बी-४०२: शांतपणे, हे सगळ्यात अवघड. आमच्या घरची वाटाण्यांची गोष्ट सांगतो. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. पहिल्या दिवशी तिने वाटाणे ताटाखाली लपवले. मग दोन-तीन वेळा ताटाच्या कडेला त्यांची रांग लावली. एकदा बोटाने चिरडून आत काय आहे ते बघितलं. एकदा चाटून परत ठेवला. बायकोने आणि मी त्यावर अवाक्षर काढायचं नाही असं ठरवलं होतं, मला जीभ चावावी लागत होती. अकराव्या की बाराव्या खेपेला मोजता मोजता सात खाल्ले. मी आनंदाने "शाब्बास!" ओरडलो आणि पुढचे दोन आठवडे तिने एकाला हात लावला नाही.

ए-१०३ काकू: ओरडलास कशाला मेल्या.

सी-१०२ डॉक्टर: अगदी असंच होतं. नवा पदार्थ आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो, तेही जबरदस्ती न करता. आपण दोनदा करून बघतो आणि "याला आवडतच नाही" असा शिक्का मारतो. "भाजी संपव, मग चॉकलेट" हेही नको. त्यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस.

ए-३०१ आजोबा: संध्याकाळी लिफ्टपाशी मी मुलांना चॉकलेट देतो, त्यावरून हे चाललं आहे का?

बी-४०२: नाही हो आजोबा.

बी-२०४: आजोबा, तुमच्यावरून सुरू नाही केलं. पण थोडं आहे. काल मी दुपारचा हिशेब मांडला. ४ वाजता दूध-बिस्किट, मी दिलेलं. ५ वाजता शेजारी गेला, तिथे ज्यूसचा डबा. ६ ला तुमचं चॉकलेट. साडेसहाला तो कुरकुरला म्हणून मी पुन्हा बिस्किट. ८ वाजता मी ताट घेऊन मागे धावतेय. भूक कुठून येणार? यात तुमचं एकच आहे, माझी दोन आहेत.

ए-३०१ आजोबा: मुलं आजोबा आजोबा करत धावत येतात. एवढाच हेतू होता.

सी-१०२ डॉक्टर: आजोबा, ती तुमच्यासाठी येतील. आणि ज्यूसबद्दल सगळ्यांनाच सांगते. तो फळ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस आहे की वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. अख्ख्या फळातली आणि साध्या दुधातली साखर यात धरत नाहीत.

बी-४०२: थांबा, माझ्या हातात असाच एक डबा आहे. १०० मिलीला ११ ग्रॅम साखर. डबा २५० मिलीचा. म्हणजे साडेसत्तावीस ग्रॅम. मुलीला चमच्याने मोजायला लावलं, सात चमचे भरले. ती वाटीकडे बघत बसली आहे. मीही.

सी-१०२ डॉक्टर: १२०० उष्मांक खाणाऱ्या लहान मुलाची १० टक्क्यांची मर्यादा ३० ग्रॅम. एका डब्यात दिवस संपला. पण म्हणून घरात साखरबंदी जाहीर करू नका. ज्याला कुलूप लावाल त्यावरच मन जाईल. कधीतरी जेवणासोबतच गोड वाढा, गाजावाजा न करता. फळ मात्र कापून समोर ठेवलेलं असावं, टोपलीतलं अख्खं फळ कुणी उचलत नाही. द्राक्षं लहानांना उभी चिरून, आणि अख्खे दाणे ५ वर्षांच्या आत नकोत, घशात अडकतात.

ए-४०४: मी सहसा इथे लिहीत नाही. आज लिहिते. माझी मुलगी १२ वर्षांची आहे. मागच्या महिन्यात लिफ्टमध्ये तिला कुणीतरी हसत म्हणालं, "किती गुबगुबीत झालीस, कमी खा." त्या दिवसापासून डबा भरलेला परत येतो. रात्री "पोट भरलंय" म्हणते. खाली खेळायला जाणं बंद आहे, कारण धावताना लोक बघतात. नाव घेणार नाही. पण यापुढे कुणाच्याही मुलाच्या अंगावर बोलू नका. जाड नाही, बारीकही नाही. काहीच नाही.

ए-१०३ काकू: हा मेसेज डिलीट केला आहे.

सी-१०२ डॉक्टर: धन्यवाद लिहिल्याबद्दल. वयात येताना मुलींचं वजन वाढायलाच हवं, ती वाढीचीच तयारी असते. मुलांचं वजन योग्य की नाही हे वय, लिंग आणि उंचीच्या आलेखावरून ठरतं, लिफ्टमध्ये बघून नाही. डबा परत येणं मात्र हलक्यात घेऊ नका, उद्या सकाळी मला फोन करा. घरातही "डाएट" हा शब्द नको.

बी-४०२: आम्ही मोठेसुद्धा जेवताना "आज जास्त झालं, उद्या उपास" असं बोलत असतो. पोरं ऐकतात. हे आजच लक्षात आलं.

सी-३०५: भूक लागायला खेळायलाही हवं ना? आम्ही शाळेतून आलो की दप्तर फेकून जायचो ते अंधार पडेपर्यंत.

सी-१०२ डॉक्टर: हो. ५ ते १७ वयात दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी धाप लागेल अशी हालचाल हवी. हाडं-स्नायू बळकट करणाऱ्या उड्या, चढणं, लोंबकळणं आठवड्यातून ३ दिवस. ३-४ वर्षांच्यांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं, त्यातली ६० जोरदार, आणि पडदा जास्तीत जास्त १ तास. याला क्लास लागत नाही. पकडापकडी पुरते.

बी-४०२: डॉक्टर, ही ६० मिनिटं कुठे करायची? गच्चीला कुलूप. लॉबीत आवाज नको. पार्किंगमध्ये बॉल नको, सकाळी साडेनऊची सूचना वर आहेच. पोरं घरात बसली की मोबाइल, मोबाइल घेतला की कुरकुर, कुरकुरली की बिस्किट. आपणच ही साखळी विणली आहे.

सेक्रेटरी: नियम सर्वसाधारण सभेत ठरला आहे. मी एकट्याने केलेला नाही.

सी-३०५: साहेब, तक्रार माझी होती, तर मीच सांगतो. पाहुण्यांच्या गाड्यांची मागची रांग संध्याकाळी रिकामी असते. साडेपाच ते सात ती साखळी लावून बंद करा. बॉल मऊ. माझी गाडी सुटीच्या दिवशी तेवढी पुढे लावेन, आरसे दुमडून.

ए-४०४: आणि मोठी मुलं सगळी जागा अडवतात, मुली कठड्यावर बसून राहतात, त्याचं काय?

सी-१०२ डॉक्टर: हे जगभर आहे. २०१६ च्या आकडेवारीत ११ ते १७ वयातले ८१ टक्के पुरेशी हालचाल न करणारे निघाले, मुलगे ७८ तर मुली ८५ टक्के.

बी-४०२: मग मंगळवार-गुरुवार मुली खेळ ठरवतील, मुलगे त्यात येतील. आणि बाबा लोकांनी वरून हाका न मारता खाली उतरायचं. मी उतरतो. गुडघा दुखतो, तरी उतरतो.

सेक्रेटरी: महिनाभर प्रायोगिक तत्त्वावर. पुढच्या सभेत विषय घेऊ.

ए-३०१ आजोबा: माझ्याकडे जुनी शिट्टी आहे. गुण मोजायला मी बसेन. चॉकलेट आणणार नाही.

(नऊ दिवसांनंतर)

बी-२०४: अहवाल. काल सात वाजता घामाघूम होऊन आला, हात धुऊन स्वतः खुर्चीवर चढला. भात आणि काकडीच्या दोन चकत्या. तिसरी माझ्या तोंडात कोंबली. आज मात्र "नको" म्हणाला. वीस मिनिटांनी ताट उचललं, माझा हात थरथरत होता. झोपलाय. मीच तीनदा उठून बघून आले.

बी-४०२: उद्या सकाळी सगळं वसूल करेल.

ए-४०४: आज माझी मुलगी खाली होती. दहा मिनिटं. कुणी काही बोललं नाही, त्याबद्दल आभार.

सी-३०५: आजोबांची शिट्टी तेवढी हळू वाजवायला सांगा.

सेक्रेटरी: मागच्या रांगेत पाण्याच्या चार बाटल्या, एक केसांचा रबर आणि एक निळा बूट, डावा, पडून आहे. ज्यांचे असेल त्यांनी उद्या आठच्या आत घेऊन जावे.