'शिकारी कोळी' आणि 'नवी प्रजाती' : हे शब्द बरोबर आहेत का?

पंचवटीहून
आमच्या निसर्गमंडळाच्या पत्रिकेसाठी हंट्समन (इंग्रजीत 'शिकारी') कोळ्याची नवी जात शास्त्रज्ञ कशी ठरवतात यावर लिहितोय. शीर्षकातच अडलो : 'शिकारी कोळ्याच्या नव्या प्रजातीचा शोध'. कोळी तर जवळपास सगळेच शिकारी, मग यालाच 'शिकारी' का म्हणायचं? जाळं लावत नाही म्हणून 'बिनजाळ्या कोळी' म्हटलं तर चालेल का?

येवल्याहून
दादा, 'बिनजाळ्या' नको. उड्या मारणारे छोटे कोळीही जाळं लावत नाहीत, मग त्यांना काय म्हणाल? 'शिकारी'च ठेवा. आपल्या घरांत दिसणारा मोठा तपकिरी कोळी हंट्समनच, त्याचं शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनाटोरिया. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअसने १७६७ साली दिलेल्या या 'व्हेनाटोरिया'त लॅटिनमधला शिकारीच आहे.

मला जास्त मोलाचा वाटतो तो 'कोळी' हा शब्द. प्राकृतात 'कोलिअ' म्हणजे विणकर. 'कातीण' हा जुना शब्दही कातण्यावरूनच आलेला. मी पैठणीच्या गावचा, त्यामुळे हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आता वाटेल, हा तर जाळंच विणत नाही, मग कोळी कसला? पण रात्री मोरीच्या दारामागे बॅटरी मारून बघा. मादी असेल तर पोटाखाली रुपयाच्या नाण्यासारखी चपटी, पांढरट चकती धरून बसलेली दिसेल. ती अंड्यांची पिशवी, तिनेच धाग्याने विणलेली. पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती खाली ठेवत नाही. म्हणजे विणकाम आहेच, फक्त भक्ष्यासाठी नाही. कृपा करून तिला झाडूने मारू नका, घरातली झुरळं तीच खाते.

सिडकोतून
मी प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून 'प्रजाती'बद्दल लिहिते. मराठी विश्वकोशात इंग्रजी 'स्पीशीज'साठी 'जाती' हा शब्द आहे. 'प्रजाती' तिथे तिच्या वरच्या गटाला (जीनस) वापरलेला सापडतो, आणि हिंदीत मात्र 'प्रजाति' म्हणजे आपली जाती. बातम्यांमधून हिंदीचा अर्थ मराठीत शिरला आणि एका शब्दाचे दोन अर्थ झाले. 'जात' म्हटलं की समाजातली जात आठवते म्हणून लोक बिचकतात, हे कळतं. द्राक्षाच्या वाणालाही आपण नाशिककर जातच म्हणतो, तीही अडचण आहे. तरी मी वर्गात 'जाती'च म्हणते आणि वरच्या गटाला 'वंश'. मुलांचा गोंधळ होत नाही.

'शोध'ही बदला. कोळी हाती लागला म्हणजे जात ठरली असं नसतं. नराच्या तोंडाजवळचे आखूड अवयव (पाल्प) आणि मादीच्या पोटाखालचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, जवळच्या जातींशी ताडून, आकृत्या काढून फरक लिहावा लागतो. नाव ज्या एका नमुन्याला कायमचं बांधलं जातं तो होलोटाइप. तो संग्रहालयात जपून ठेवतात. या सगळ्याला शास्त्रात 'वर्णन' म्हणतात. निबंधातलं वर्णन वेगळं. लाओसमधल्या हेटेरोपोडा मॅक्सिमाचं, म्हणजे पाय पसरल्यावर ३० सेंटिमीटर भरणाऱ्या कोळ्याचं, असं वर्णन जर्मन कोळीतज्ज्ञ पीटर येगर यांनी २००१ मध्ये केलं. येगर या जर्मन आडनावाचा अर्थही शिकारी!

पंचवटीहून
ताई, 'वर्णन' पटलं. पण वाचक 'नव्या जातीचं वर्णन' वाचून कोळ्याच्या रंगरूपाची माहिती समजेल ना?

सिडकोतून
समजेल, म्हणून पहिल्यांदा 'शास्त्रीय वर्णन' लिहा. आणि 'नवी'च्या आधी 'विज्ञानाला' जोडा. कोळी त्याच्या जागी कधीचा राहतोय, नवा आहे तो आपल्याला. नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरच्या सेरोपेजिया अंजनेरिका या वनस्पतीचं तसंच आहे. फूल आधीपासून फुलत होतं, नाव अलीकडे मिळालं.

पंचवटीहून
शीर्षक असं केलं : 'विज्ञानाला नवी असलेली शिकारी कोळ्याची जाती : शास्त्रीय वर्णन कसं होतं?' लांब झालंय, पण यातला एकही शब्द गाळावासा वाटत नाही.