मदत हवी आहे: "पप्पा प्रार्थनेला बसत नाहीत, मग मीच का?"

सर्वांना जय ख्रिस्त.

आम्ही हडपसरला राहतो, उपासनेला पंचहौदच्या पवित्र नाम देवालयात जातो. मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ८. सासूबाई आमच्याकडे होत्या तोवर संध्याकाळची प्रार्थना कधी चुकली नाही. टीव्ही बंद, एक गीत, शास्त्रवाचन आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. आता त्या दिरांकडे नगरला असतात, त्यामुळे सगळं माझ्यावर आलंय.

मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, शिफ्ट ड्युटी. देवाशी त्यांचं वाकडं काही नाही. नाताळ-ईस्टरला कडक इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी तयार असतात. पण घरी गीत सुरू झालं की नेमका यांना फोन येतो आणि ते गॅलरीत जातात. परवा मुलाने बायबल मिटलं आणि अगदी शांतपणे वरचा प्रश्न विचारला. मला उत्तर सुचलं नाही.

पुढच्या वर्षी त्याला दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गाला घालायचंय, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा विश्वास त्याने स्वतः मंडळीपुढे कबूल करण्याची तयारी. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी वचनाविषयी बोला असं आहे. पण त्याच्या आधीच्या ओळीत ते वचन मोठ्यांच्या अंतःकरणात असावं असं म्हटलंय. माझं घोडं तिथेच अडतंय.

मिस्टरांशी हे कसं बोलू? मुलाला थोडे दिवस सूट द्यावी का? ज्यांच्या घरी एकच जण मनापासून करतो, त्यांनी जरूर लिहा. "प्रार्थना करा, सगळं ठीक होईल" एवढंच कृपया नको, ती चालूच आहे.

पिंपरीकर: ताई, मुलांदेखत मिस्टरांना एक शब्द बोलू नका. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचे वडील ग्रीक होते, एवढंच बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. पण त्याच्या विश्वासाबद्दल लिहिताना पौल नावं घेतो ती आजी लोईस आणि आई युनीके यांची. तेव्हा एकट्या आईचं वाया जातं असं समजू नका. आमच्याकडे रोज शास्त्र वाचायचो मी, पण लेकीच्या लक्षात राहिलं ते वेगळंच: पगार झाला की तिची आई किराण्याच्या यादीआधी दशांशाचं, म्हणजे देवासाठी काढलेल्या दहाव्या हिश्शाचं, पाकीट भरायची. आता तीही तेच करते.

घोरपडीची मावशी: मुलाला सूट नको, पण वेळ कमी करा. पाच मिनिटं पुरे. पौलाच्या कलस्सैकरांस पत्रात (३:२१) बापांना सांगितलंय की मुलांना चिडीला आणू नका, ती खचतात. ते आपल्या आयांनाही लागू आहेच की! आणि नवराबायको एकदमच तयार होतात असं थोडंच असतं? कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मिस्टरांना रोज बसायला सांगू नका. सुट्टीच्या दिवशी जेवणाआधीची प्रार्थना तेवढी त्यांच्याकडे द्या. दोन वाक्यं कोणीही म्हणतं.

धागाकर्ती: मावशी, हे जमण्यासारखं आहे. गुरुवारी यांची सुट्टी असते, मुलं झोपल्यावर आजच विषय काढते. पिंपरीकर दादा, एक विचारायचं राहिलं: दृढीकरणाच्या वर्गाबद्दल पाळकसाहेबांना भेटायला मुलाबरोबर यांनाच पाठवलं तर? की ते फार उघड वाटेल?