बालपणीचे आदर्श उतारवयातील साहसाला किती पुरतात?

प्रश्न

शाळेत असताना ध्रुवप्रदेशात गेलेल्या संशोधकांची आणि हिमशिखरे चढणाऱ्यांची चरित्रे मी झपाटल्यासारखी वाचली. पुढे नोकरी आणि संसार यांत ते सारे मागे पडले. आता निवृत्ती जवळ आली असताना उंच पर्वतांत पायी भटकण्याची ओढ पुन्हा तितक्याच जोमाने उफाळून आली आहे आणि तिच्यामागे तीच माणसे उभी आहेत, हे मला स्पष्ट जाणवते. ज्यांना आपण कधी भेटलो नाही, ज्यांचा काळ आणि परिस्थिती सर्वस्वी वेगळी होती, अशा आदर्शांचे बोट धरून साठीच्या उंबरठ्यावर नवे काही सुरू करणे कितपत शहाणपणाचे आहे? त्यांच्याकडून नेमके काय घ्यावे आणि काय सोडून द्यावे?

प्रतिसाद १

आपल्या प्रश्नाचा उत्तरार्ध मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक रोआल्ड अमुंडसेन याचे उदाहरण पाहा. किशोरवयात त्याने ब्रिटिश संशोधक जॉन फ्रँकलिनच्या उत्तरेकडील मोहिमांची वर्णने वाचली आणि त्याला सर्वांत जास्त भुरळ पडली ती त्या माणसांनी सोसलेल्या हालअपेष्टांची. शरीराला थंडीची सवय व्हावी म्हणून तो नॉर्वेच्या कडाक्याच्या हिवाळ्यात खिडक्या सताड उघड्या टाकून झोपत असे. आईला मात्र मोकळ्या हवेची आवड आहे, एवढेच सांगे. १८८९ मध्ये ग्रीनलंड ओलांडून परतलेल्या नॉर्वेच्याच नान्सेन या संशोधकाच्या स्वागताला लोटलेल्या गर्दीत १६ वर्षांचा अमुंडसेनही होता.

इथवर सारी भक्तीच आहे. पण फ्रँकलिनच्या १८४५ च्या अखेरच्या मोहिमेतले सर्व १२९ जण प्राणास मुकले होते, आणि त्यांची जहाजे कॅनडाच्या उत्तरेकडील ज्या किंग विल्यम बेटाजवळ बर्फात अडकली, त्याच बेटावर अमुंडसेनने १९०३ ते १९०५ या काळात दोन हिवाळे काढले. कातड्याचे सैलसर कपडे कसे घालावेत, कुत्र्यांच्या घसरगाड्या कशा हाकाव्यात, हे तो तेथील नेत्सिलिक इनुइट लोकांकडून शिकला. १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुव गाठताना ही शिकवण त्याच्या फार कामी आली. फ्रँकलिनकडून त्याने ओढ घेतली, पद्धत घेतली नाही. आदर्शावर जीव असूनही त्याच्या उणिवा पाहण्याची ही नजर पिकल्या वयात अधिक सहज यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद २

मी शिक्षिका आहे, त्यामुळे माझे लक्ष दूरच्या नायकांपेक्षा जवळच्या माणसांकडे जाते. एव्हरेस्टवर पोहोचलेली पहिली स्त्री, जपानच्या जुन्को ताबेई, लहानपणी अशक्त मानल्या जात. १० वर्षांच्या असताना शिक्षकांनी वर्गाच्या सहलीत त्यांना नासू पर्वतावर नेले. तेथील ज्वालामुखीचा उघडाबोडका उतार त्यांनी स्वतःच्या पायांनी चढला, आणि ही काही शर्यत नव्हे, सावकाश चाललो तरी माथा गाठता येतो, हे त्यांच्या मनात कायमचे बसले. पुढे १९७५ मध्ये एव्हरेस्टवर हिमप्रपाताखाली गाडल्या जाऊनही त्या १२ दिवसांनी, १६ मे रोजी, शिखरावर उभ्या होत्या.

मला त्याहून मोलाचे वाटते ते त्यांचे शेवटचे वर्ष. २०१६ च्या जुलैमध्ये, कर्करोग बळावलेला असताना, २०११ च्या भूकंपाची झळ पोहोचलेल्या भागातील विद्यार्थ्यांना घेऊन त्या फुजी पर्वतावर गेल्या. जसे शिक्षकांनी एकदा आपल्याला नेले, तसे त्या स्वतः मुलांना नेत होत्या. आपणही केवळ स्वतःपुरते न चालता एखाद्या लहानग्याला सोबत घ्यावे, असे मला सुचवावेसे वाटते.

प्रतिसाद ३

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे. तथापि साठीनंतरच्या प्रवासाला बालपणीची आठवण एकटी पुरत नाही, वयाने आपल्या पुढे चालणारे कोणी तरी समोर असावे लागते. जपानचे स्कीपटू आणि गिर्यारोहक युइचिरो मिउरा यांनी १९७० मध्ये एव्हरेस्टच्या उतारावरून स्की केले होते, तरीही साठीच्या सुमारास त्यांचे वजन वाढले होते आणि प्रकृती ढासळली होती. त्यांना पुन्हा उभे केले ते वडिलांच्या उदाहरणाने. वडील केइझो यांनी वयाच्या ९९ व्या वर्षी आल्प्समधील मों ब्लाँ पर्वतावर स्की केले. मुलाने घोट्यांना वजने बांधून आणि पाठीवर ओझे घेऊन रोज चालायला सुरुवात केली, आणि पुढे ७०, ७५ व ८० व्या वर्षी, म्हणजे २००३, २००८ आणि २०१३ मध्ये, एव्हरेस्ट सर केले. बालपणीचा आदर्शच म्हातारपणातही आदर्श राहावा, असे भाग्य विरळाच. ते नसेल, तर आपल्याहून दहा वर्षांनी मोठा, नियमित डोंगर चढणारा सोबती शोधावा.

प्रतिसाद ४

३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. निघण्यापूर्वी हृदयाची तपासणी अवश्य करून घ्यावी. आदर्श कोणीही असो, विरळ हवा सर्वांना सारखीच असते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. अमुंडसेनने इनुइटांकडून घेतलेल्या धड्यांचा भाग मी लहानपणी वाचलाच होता, पण तेव्हा माझे सारे लक्ष ध्रुवावरच्या झेंड्याकडे होते. आता ते प्रकरण पुन्हा काढून वाचणार आहे. तपासणी करून घेते आणि पहिल्या वर्षी ३,००० मीटरच्या आतले डोंगरच निवडते. माझी भाची नऊ वर्षांची आहे. तिला सोबत नेण्याविषयी तिच्या आईशी बोलते.